मगनवाडीचे हिशेबनीस

नववीची वर्ध्याची सहल कोणाकोणाला आठवते? रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली, मनमाडला पहाटे चहा घेतला आणि मग वर्धा येईपर्यंत अंताक्षरी. दुसऱ्या दिवशी सेवाग्रामची बापूकुटी पाहून झाल्यावर बाईंनी आपल्याला वर्धा गावातल्या मगन संग्रहालयात नेलं. तेलाचा घाणा, हातकागदाचे ताव, मधमाश्यांच्या पेट्या, चरख्यांचे नाना प्रकार. मुलांना भूक लागली होती आणि माझ्या नव्या चपलेने टाच सोलली होती. त्या गडबडीत इतिहासाच्या बाईंनी मला हाक मारली, एका फोटोसमोर उभं केलं आणि हळूच सांगितलं की हे कुमारप्पा, गांधीजींचे अर्थतज्ज्ञ, आणि हे तुमच्यातले होते.

तुमच्यातले म्हणजे ख्रिस्ती. वर्गात आम्ही दोघीच होतो. मला आनंद झाला आणि संकोचही वाटला, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून मी मागे वळून पाहिलं. सहलीच्या अहवालात मी त्यांच्याविषयी दोन ओळी लिहिल्या. त्यातली एक चुकीची होती, मी त्यांना बंगाली करून टाकलं होतं. बाईंनी लाल शाईने फक्त गोल केला.

स्मरणिकेसाठी मला घडवणाऱ्या व्यक्तीवर लिहायला सांगितलं तेव्हा शिक्षकांवर लिहिणारे पुष्कळ असतील असं वाटलं. शिवाय दुसरं एक कारण आहे. गेल्या मे महिन्यात सीमेवर चार दिवस जे चाललं होतं, त्या दिवसांत आपल्या बॅचच्या ग्रुपवर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोघे ग्रुपमधून बाहेर पडले, त्यातला एक अजून परतलेला नाही. त्या रात्री मीही एक मोठा मेसेज लिहिला होता, रविवारच्या उपदेशातला शांतीबद्दलचा भाग घालून. पाठवला नाही. आपल्यातले दोघे सैन्यात आहेत, काहींचे वडील देहूरोडच्या डेपोत आणि खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर राबले, त्याच पगारावर त्यांची शिक्षणं झाली. घरात बसून त्यांना शांती शिकवणारी मी कोण? मेसेज पुसला आणि झोप येईना म्हणून कुमारप्पांचं पुस्तक काढलं. ते पुस्तक वर्ध्याहून नव्हे, पुढे नोकरी लागल्यावर पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळालं होतं.

त्यांचं मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तंजावरचा. घर तमिळ ख्रिस्ती, शिस्तीचं, इंग्रजी वळणाचं. १९१२ साली ते हिशेबनिशी शिकायला लंडनला गेले आणि पहिलं महायुद्ध त्यांनी तिथे राहूनच पाहिलं. १९१९ मध्ये परत आले, मुंबईत ऑडिटचं काम सुरू केलं, पुढे भागीदारीत स्वतःची फर्म काढली. उत्तम इंग्रजी कपडे, उत्तम इंग्रजी, उत्तम कमाई. राजकारणाशी काही देणंघेणं नाही. इथवरची गोष्ट आपल्या बॅचमधल्या कोणाही परदेशातून परतलेल्या माणसाची असू शकते.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिरॅक्यूज, मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते प्राध्यापक सेलिग्मन. त्याच सेलिग्मनांकडे काही वर्षं आधी डॉ. आंबेडकर शिकले होते. कुमारप्पांनी विषय घेतला हिंदुस्थानच्या सरकारी जमाखर्चाचा. सरकारचेच आकडे, सरकारचीच अंदाजपत्रकं. ऑडिटरला वाचायची सवय असते तशी त्यांनी ती वाचली, आणि गरिबाकडून गोळा केलेला कर सैन्यावर, कर्जाच्या व्याजावर आणि साहेबांच्या पगारांवर कसा जातो ते त्यांना दिसलं. लोक भाषणं ऐकून देशभक्त होतात, हे गृहस्थ ताळेबंद वाचून झाले. मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो इथे. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस सोडून घराण्याचं जुनं कुमारप्पा हे नाव परत घेतलं.

प्रबंध छापावा म्हणून ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. वेळेआधी पोचले. झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसला होता, त्याच्याकडे पाहत हे उभे राहिले. थोड्या वेळाने त्या म्हाताऱ्याने विचारलं की तुम्हीच का कुमारप्पा, तेव्हा यांच्या लक्षात आलं. रेशमी सुटातले कुमारप्पा शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. कोणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. गांधीजींनी प्रबंध आपल्या ‘यंग इंडिया’त छापायला घेतला आणि या माणसाला गुजरातेतल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला धाडून दिलं.

पुढच्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह आला. गांधीजी तुरुंगात गेल्यावर ‘यंग इंडिया’ चालवायची जबाबदारी कुमारप्पांवर पडली. निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालत होत्या आणि चर्च गप्प होतं. कुमारप्पांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केलं की येशूच्या शिकवणुकीशी जवळचं काही या देशात घडत असेल तर ते हे आहे, तुमचं वजन अहिंसेच्या बाजूने टाका. कोलकात्याचे बिशप फॉस वेस्टकॉट म्हणजे तेव्हाचे हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू. त्यांचं म्हणणं असं की कायदेभंग येशूच्या शिकवणुकीत बसत नाही. कुमारप्पांनी त्यांना उत्तर दिलं, आणि ते उत्तर पायरी सांभाळून दिलेलं नव्हतं. महायुद्धाला आशीर्वाद देताना ज्या चर्चला येशू आडवा आला नाही, त्याच चर्चला हात न उगारता मार खाणाऱ्यांच्या बाबतीत येशू आठवावा, याचा त्यांना संताप होता.

आपल्या बिशपाशी वाद घालणं म्हणजे काय, हे मंडळीत वाढलेल्यांनाच कळेल. आमच्याकडे पाळकांनी बसायला सांगितलं की बसायचं. शिवाय १९३० साली हिंदी ख्रिस्ती माणसाला दोन्हीकडून संशय सहन करावा लागे, गोऱ्यांच्या दृष्टीने तो नेटिव्ह आणि बाकीच्यांच्या दृष्टीने गोऱ्यांचा माणूस. कुमारप्पांनी दोन्हीकडची पर्वा केली नाही. ते तुरुंगात गेले, करार झाल्यावर सुटले, १९३२ च्या चळवळीत पुन्हा गेले. तेव्हाची काही वर्षं नाशिकच्या तुरुंगातली आहेत.

सुटल्यावर १९३४ मध्ये बिहारचा भूकंप. मदतनिधीचे हिशेब राजेंद्रबाबूंनी यांच्याकडे सोपवले. तिथली एक गोष्ट मी आमच्या ऑफिसमधल्या नव्या मुलांना सांगते. निधीतून स्वयंसेवकाला रोजचे मोजके तीन आणे मिळत. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे आले, तेव्हा कुमारप्पांनी महादेवभाईंना कळवलं की या पाहुण्यांच्या जेवणाचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च निधीतून होणार नाही, तुमचं तुम्ही बघा. गांधीजींनी ते मान्य केलं. एक्स्पेन्स रिपोर्ट नामंजूर झाला म्हणून तोंड पाडून बसणाऱ्यांना हे ऐकवलं की थोडा वेळ शांतता असते.

त्याच वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्याची आपली बाग दिली, तिचं नाव मगनवाडी ठेवलं, आणि कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हा तमिळ माणूस वर्धेकर झाला, आणि पुढची बहुतेक कामाची वर्षं तिथेच काढली. घाणा सुधारणं, हातकागद, साबण, गूळ, धूर कमी करणारी मगन चूल, रॉकेलऐवजी गावात निघणाऱ्या तेलावर जळणारा मगन दीप. आपण पाहिलं ते संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलं. लग्न केलं नाही. स्वभाव तापट, वेळेचा पक्का, भेटायला येणाऱ्याने न विचारता यावं हे अजिबात खपत नसे. धोतर आणि पायजमा यांच्यामधलं एक वस्त्र त्यांनी स्वतःच बेतलं होतं, ते घालून जगभर फिरत.

तेव्हा आपल्याला वाटलं होतं की हे सगळं गरिबांना चार पैसे मिळावेत म्हणून. ते होतंच. पण कुमारप्पांच्या डोक्यातला मुख्य प्रश्न युद्धाचा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा धागा साधारण असा. कारखाना अवाढव्य झाला की त्याला कच्चा माल लांबून लागतो आणि गिऱ्हाईकही लांबचंच लागतं. मग वाटेतला समुद्र ताब्यात हवा, बंदरं हवीत, खाणींचा मुलूख हवा, आणि दुसऱ्यालाही तेच हवं असतं. आरमार मागून येतं. म्हणून दिव्यात रॉकेल की करडईचं तेल हा त्यांच्या लेखी युद्ध आणि शांततेचाच प्रश्न होता.

१९३६ च्या पुस्तकात त्यांनी कोकोच्या डब्याचं उदाहरण दिलं आहे. आपण दुकानातून कोकोचा एक डबा आणतो. ते बी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सक्तीच्या मजुरीने पिकलेलं असू शकतं. ते ज्या समुद्रमार्गाने आलं तो बळावर राखलेला आहे. विलायतेतल्या कारखान्यात कामगाराला कमी मजुरीत पिळलं असेल, आणि आपल्या बंदरात जकात सवलतीची आहे कारण आपण गुलाम आहोत. डबा विकत घेणारा या सगळ्याला हातभार लावतो, त्याला ठाऊक असो वा नसो. कुमारप्पांच्या मते ज्या वस्तूचा मागचा इतिहास आपल्याला तपासता येत नाही, तिची जबाबदारी घ्यायला आपण मोकळे नाही. म्हणून शेजारच्या माणसाने केलेली वस्तू घ्यावी, निदान तो कसा जगतो ते दिसतं.

हे वाचलं तेव्हा मी हसले होते, कारण मी पोटासाठी हेच करते. चाकणच्या कारखान्यांसाठी सुट्या भागांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. गाडीतला एक बोल्ट तुटला तर त्याच्या बारकोडवरून कळतं की पोलाद कुठल्या हीट नंबरचं, व्हेंडर कोण, लॉट कुठला, कुठल्या पाळीत कुठल्या मशीनवर काढला. फरक एवढाच की आमचा माग गुणवत्तेपाशी थांबतो. मजुराला किती मिळाले, माल शेवटी कुठे जाऊन काय झाला, असे रकाने त्यात नसतात. कोणी मागितलेलेच नाहीत.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कुमारप्पांनी तोच ऑडिटरचा डोळा त्याच्यावर लावला. इंग्रज सरकार इथून लष्करासाठी धान्य, कापड, लोखंड उचलत होतं. किंमत लंडनमध्ये पौंडाच्या कागदावर जमा धरायची आणि त्या कागदाच्या तारणावर इथे रिझर्व्ह बँकेने नोटा छापायच्या. माल जहाजात, गावात नोटा. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा पाच-सहा पटींनी वाढल्या होत्या आणि हिंदुस्थानचं इंग्लंडकडे एकशे तीस कोटी पौंडांच्या आसपास येणं साचलं होतं. कुमारप्पांनी हे १९४२ मध्येच आपल्या ‘ग्राम उद्योग पत्रिका’ या छोट्या मासिकात लिहिलं. लेखाचं नाव ठेवलं ‘स्टोन फॉर ब्रेड’, म्हणजे भाकरीऐवजी दगड. बायबल वाचणाऱ्याला हे नाव कुठून आलं ते लगेच कळतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने मुलाने भाकर मागितल्यावर त्याला दगड देणाऱ्या बापाचा दाखला दिला आहे. शांती करणाऱ्यांना धन्य म्हटलं आहे तेही याच प्रवचनात. चलनवाढीवर लिहिलेल्या लेखाला ते नाव देणारा माणूस हिशेब आणि शुभवर्तमान अशा दोन वह्या ठेवत नव्हता.

पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. मेलेल्यांची संख्या पंधरा ते तीस लाखांच्या घरात धरतात. भाव चढले होते, धान्य होतं तिथे नोटा असलेल्याने घेतलं, आणि ज्याच्याकडे नुसते हात होते तो रस्त्यावर मेला.

सरकार कुमारप्पांवर चिडलेलं होतंच. बेचाळीसच्या चळवळीनंतर ते पुन्हा आत गेले, या वेळी जबलपूरला. तब्येत तिथेच ढासळली, रक्तदाबाचा त्रास पुढे कायम राहिला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’, टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचं. त्यात त्यांनी जगण्याच्या पायऱ्या प्राण्यांवरून मांडल्या आहेत. वाघ दुसऱ्याला मारून जगतो, माकड न पेरता तोडून खातं, पक्षी स्वतःचं घरटं बांधतो, मधमाशी पोळ्यासाठी राबते, आणि पिल्लाला भरवणारी पक्षीण परतफेड मागत नाही. दुसरं पुस्तक येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर. त्यात धर्म म्हणजे रविवारची उपासना नाही, सोमवार ते शनिवार तुम्ही कसे कमावता आणि कशावर खर्च करता तो धर्म, असा एकूण रोख आहे. दोन्ही पुस्तकं १९४५ च्या सुमारास आली, म्हणजे हिरोशिमाच्या वर्षात. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे, आणि गांधीजींनी त्यांना गमतीने का होईना, ग्रामोद्योगाची डॉक्टर पदवी बहाल करून टाकली होती.

आता माझी एक गोष्ट सांगते. फार अभिमानाची नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं. परदेशी गिऱ्हाईक, भाग अगदी साधा, यंत्रावर कातलेलं पोलादी नळकांडं. ड्रॉइंग पाहिल्यावर कळलं की ते तोफगोळ्याचं रिकामं कवच आहे. माग ठेवायची पद्धत तीच, हीट नंबर, लॉट, पाळी. आपल्या सैन्यासाठी असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारलं आणि माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं, अजून नाही. पण हा माल दूरच्या, तेव्हा चालू असलेल्या युद्धासाठी होता. कामाचा अंदाज मला द्यायचा होता. मी विचारलं की शेवटचा वापर कुठे, असा एक रकाना ठेवायचा का? उत्तर मिळालं की गिऱ्हाइकाने तसं मागितलेलं नाही.

मी ते काम माझ्याकडून काढून घ्यायला सांगितलं. त्या वर्षीचं टीम लीडचं पद गेलं, ते मी गृहीतच धरलं होतं. जे धरलं नव्हतं ते असं, की काम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाकडे गेलं. त्याचं मोशीला घराचं कर्ज, बायको बाळंतपणाला माहेरी. त्याने मला कँटीनमध्ये विचारलं की मॅडम, तुम्ही का सोडलंत? मी काहीतरी तब्येतीचं कारण सांगितलं. कुमारप्पा बिशपांना छापील उत्तर देत होते आणि मला चहाच्या टेबलावर एका मुलाला खरं सांगता आलं नाही. सॉफ्टवेअर वेळेत पूर्ण झालं. चांगलं झालं असं ऐकलं.

म्हणूनच तो मेसेज मी मे महिन्यात पाठवला नव्हता, आणि म्हणूनच हे इथे लिहिते आहे.

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पांना मान मिळाला, ऐकलं मात्र कमी गेलं. काँग्रेसने नेमलेल्या जमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते, कसणाऱ्याची जमीन व्हावी असा तिचा अहवाल १९४९ चा आहे. जुन्या सहकाऱ्यांचं सरकार अवजड कारखान्यांच्या आणि रासायनिक खतांच्या मागे लागलेलं पाहून ते उघड टीका करत. याच बाबतीत मी त्यांच्याशी भांडते. टेल्को आणि बजाज आले नसते तर माझे वडील अहमदनगर सोडून पिंपरीला आले नसते, मी इंजिनिअर झाले नसते आणि आपण भेटलोही नसतो. धाग्याचं एक टोक पकडून त्यांनी फार लांबपर्यंत ओढलं असं मला वाटतं. पण पवना आणि इंद्रायणीचा फेस पाहिला की भांडणाचा जोर कमी होतो.

मगनवाडी सोडून ते काही काळ वर्ध्याजवळच्या सेलडोहला एका लहानशा आश्रमात राहिले, शेतीचे प्रयोग केले. १९५१ मध्ये चीन पाहून आले. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत शांततेच्या चळवळीसाठी परदेशी जात राहिले, ती मंडळी कम्युनिस्टांच्या कलाने जातात अशी टीका होत असतानाही. मग प्रकृती साथ देईना, तेव्हा मदुराईजवळ टी. कल्लुपट्टीच्या गांधीनिकेतन आश्रमात गेले. तिथल्या खोपटात भिंतीवर गांधीजींचा फोटो होता आणि शेजारी एका गरीब शेतकऱ्याचा. हा कोण असं कोणी विचारलं तर ते सांगत की हा माझ्या मालकाचा मालक.

चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात त्यांचं निधन झालं, ३० जानेवारी १९६० रोजी. वय अडुसष्ट. गांधीजींना जाऊन त्या दिवशी बरोबर बारा वर्षं झाली होती. ती तारीख आपण दरवर्षी शाळेत पाळत होतो. अकरा वाजता कंपन्यांचे भोंगे एकदम वाजायचे, सर छडी खाली ठेवायचे आणि दोन मिनिटं सगळा वर्ग उभा राहायचा. मागच्या बाकावरच्यांना तेव्हाच हसू यायचं.